दोन पॉवर सप्लाय लावले, आता राउटर बंद पडणार नाही ना?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: छोट्या वृत्तवाहिन्या आणि ओबी व्हॅनवाल्यांसाठी (बाहेरून थेट प्रक्षेपण करणाऱ्या गाड्या) तुम्ही १६ इनपुट, १६ आउटपुटचा एसडीआय राउटर बनवताय, म्हणजे एसडीआय या व्यावसायिक व्हिडिओ सिग्नलसाठी, कुठल्याही इनपुटचं चित्र हव्या त्या आउटपुटला जोडून देणारी पेटी. त्यात दोन पॉवर सप्लाय टाकलेत, दुसरा कंट्रोलरही, म्हणजे आज्ञा घेऊन जोडण्या बदलणारा भागही, टाकायचा विचार आहे. पुढे सभागृहांसाठी एचडीएमआयचं मॉडेल काढायचंय. माहितीपत्रकात ‘कधीच बंद पडत नाही’ असं छापता यावं म्हणून आणखी काय काय दुहेरी करावं?

दुसरा कंट्रोलर तूर्त बाजूला ठेवा. मी २७ वर्षं ही उपकरणं बनवतेय, आणि बनवली त्याहून जास्त उघडून दुरुस्त केलीत. त्यावरून सांगते: चित्र ज्या वाटेनं जातं ती वाट जमेल तेवढी साधी ठेवा, बाकी सगळं मेलं तरी ती वाट चालू राहील असं करा, आणि जे काही मेलंय ते त्याच दिवशी कुणाच्या तरी लक्षात येईल याची सोय करा. पहिल्या दोन गोष्टी बहुतेकांना पटतात. तिसरीकडे कुणी बघत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

तुमच्या सप्लायचा एमटीबीएफ, म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी काळ, १ लाख तास आहे असं धरू. याचा अर्थ तो ११ वर्षं टिकेल असा नाही. असे १०० सप्लाय बाजारात गेले, तर वर्षाला त्यातले नऊएक जातील एवढाच त्याचा अर्थ. आता एका राउटरमध्ये असे दोन लावले. एक गेला की २४ तासांच्या आत बदलला जात असेल, तर दोन्ही एकाच वेळी मेलेले सापडण्याचा सरासरी काळ गणितानं साधारण २० कोटी तास येतो. पण पहिला गेल्याचं कुणाला कळलंच नाही तर? तर तोच आकडा दीड लाख तासांवर येतो. म्हणजे दुसऱ्या सप्लायवर दुप्पट पैसे खर्चून तुम्ही फक्त दीडपट भरवसा विकत घेतला. महिन्यातून एकदा कुणी रॅकमागे डोकावलं, बिघाड सरासरी १५ दिवसांत कळला, तरी आकडा सुमारे १.४ कोटी तासांवर जातो. सगळा फरक त्या एका लाल दिव्याचा, आणि तो दिसतो कुणाला याचा.

एका वाहिनीच्या एमसीआरमध्ये (मास्टर कंट्रोल रूम, जिथून वाहिनी प्रसारित होते) मी हे डोळ्यांनी पाहिलंय. राउटरच्या मागच्या बाजूला दिवा होता, रॅकची मागची बाजू भिंतीपासून दीड फुटावर, आणि त्या दीड फुटात जुन्या केबलींची गुंडाळी. पहिला सप्लाय कधी गेला ते आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. दुसरा गेला तो मतमोजणीच्या सकाळी. नंतर मालक म्हणाले, ‘दोन्ही एकदम कसे गेले हो?’ एकदम गेलेच नव्हते.

म्हणून दिवा पुढच्या पट्टीवर हवा. बझर हवा, आणि तो बंद केला तरी दिवा लुकलुकत राहायला हवा, कारण बझरचा आवाज कुणालाच नको असतो आणि पहिल्या पाच मिनिटांत तो बंद होतो. मागे एक कोरडा रिले संपर्क (स्वतःची वीज नसलेला, नुसता उघड-बंद होणारा स्विच) द्या, म्हणजे गिऱ्हाइकाला तो आपल्या अलार्म पॅनेलला जोडता येईल. तो रिले नेहमी ओढलेला राहावा आणि बिघाड झाला की सुटावा. उलटं केलंत तर पूर्ण लाइट गेल्यावर अलार्मही गप्प बसेल.

सप्लायबद्दल आणखी थोडं, कारण माझ्याकडे आलेल्या तक्रारींतल्या निम्म्याहून जास्त इथल्याच होत्या. दोन्ही सप्लाय एकत्र जोडताना मध्ये करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा डायोड किंवा मॉसफेटचा आयडियल डायोड लागतोच, नाहीतर एकाचं आउटपुट शॉर्ट झालं की दुसऱ्यालाही तो खाली ओढतो. हे तुम्ही केलंच असेल. पण दोघं निम्मानिम्मा भार वाहताना चालतात म्हणून एकटा पूर्ण भार पेलेलच, असं गृहीत धरू नका. एक गेला की उरलेल्यावर एका क्षणात दुप्पट करंट येतो, तापमान चढतं, आणि ज्यानं जन्मात कधी पूर्ण भार पाहिला नाही त्याची कमजोरी नेमकी तेव्हा बाहेर येते. कारखान्यातून बाहेर पडणारा प्रत्येक सप्लाय एकट्यानं, पूर्ण भारावर, बंद पेटीत तापवून तपासा.

आतल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमानावर असतं. ढोबळ नियम असा, की १० अंश कमी झाले की आयुष्य दुप्पट. १०५ अंशांना ५,००० तासांची हमी असलेला कपॅसिटर ६५ अंशांवर ८०,००० तास, म्हणजे नऊएक वर्षं काढतो. तोच ७५ अंशांवर साडेचार वर्षांत सुकतो. खरेदीवाल्यानं दोन रुपये वाचवायला २,००० तासांचा माल आणला, तर ६५ अंशांवरही साडेतीन वर्षांत खेळ खलास. आणि हे आकडे कपॅसिटरच्या अंगावरच्या तापमानाचे आहेत, खोलीच्या नाहीत. एमसीआरमध्ये एसी असतो हे खरं, पण तो एसी जनरेटरवर असेलच असं नाही. विदर्भातल्या मे महिन्यात लाइट गेली की यूपीएसवर राउटर चालू आणि एसी बंद, अशी वेळ येतेच. ओबी व्हॅनचं तर विचारूच नका.

मग आपल्या मेन्सची गोष्ट. बहुतेक तयार सप्लाय ९० ते २६४ व्होल्ट लिहिलेले येतात. थ्री फेजच्या जागी न्यूट्रल सुटला की सिंगल फेजच्या उपकरणावर ४०० व्होल्टच्या आसपासही येऊ शकतात. मांडवात, तात्पुरत्या वायरिंगवर, जनरेटरचा बदल होताना हे घडतं. २७५ व्होल्टचा व्हॅरिस्टर (जास्तीचं व्होल्टेज स्वतःवर घेणारा भाग) तिथे दोन-चार सेकंदांत जळून काळा पडतो, आणि दोन्ही सप्लाय एकाच बोर्डावर असतील तर दोघांचेही. जास्त व्होल्टेजला मेन्स तोडणारा रिले आत घाला, किंवा माहितीपत्रकात ठळक लिहा की दोन कॉर्ड दोन वेगळ्या यूपीएसवर लावा. लिहिलं तरी लोक दोन्ही कॉर्ड एकाच स्पाइक बस्टरमध्ये खुपसतात, हेही सांगून ठेवते. मी दोन कॉर्डवर दोन रंगांचे टॅग लावून पाहिले, ‘यूपीएस अ’ आणि ‘यूपीएस ब’. थोडा उपयोग झाला.

आता चित्राची वाट. केबलीत कमकुवत झालेला सिग्नल सावरणारा इनपुटचा इक्वलायझर, इनपुट आउटपुटला जोडणारी क्रॉसपॉइंट चिप, सिग्नलची वेळ नीट करणारा रीक्लॉकर, पुढच्या केबलीत सिग्नल ढकलणारा केबल ड्रायव्हर. एवढंच. ३जी एसडीआयला २.९७ गिगाबिटचा प्रवाह या वाटेनं जातो आणि त्याला कंट्रोलरची काही गरज नसते. क्रॉसपॉइंटला एकदा सांगितलं की ‘इनपुट ४ आउटपुट ९ ला दे’, की वीज आहे तोवर तो ते लक्षात ठेवतो. म्हणजे कंट्रोलर पूर्ण मेला, तरी हवेत चाललेलं चित्र चालूच राहायला हवं, फक्त नवीन स्विच करता येणार नाही. हे फुकटात मिळणारं संरक्षण आहे, आणि बहुतेक नवे डिझायनर ते एका वायरीनं घालवतात: क्रॉसपॉइंट चिपची रिसेट पिन कंट्रोलरच्या रिसेटला जोडतात. मग वॉचडॉगनं, म्हणजे अडकलेल्या कंट्रोलरला रिसेट करणाऱ्या पहारेकरी सर्किटनं, कंट्रोलर उठवला की सगळी १६ आउटपुटं काळी. वॉचडॉगनं फक्त कंट्रोलरला उठवावं. जागा झाल्यावर कंट्रोलरनं आधी क्रॉसपॉइंटला विचारावं, ‘सध्या काय चालू आहे?’, आणि ते आपल्या तक्त्यात भरून घ्यावं. स्वतःचा जुना तक्ता त्याच्यावर लादू नये.

पूर्ण वीज जाऊन आल्यावर मात्र तो जुना तक्ता लागतो. तो एफरॅममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत, ठेवा, दोन प्रतींत, दोन्हींना सीआरसी (मजकूर बिघडला का ते सांगणारा तपासणीचा आकडा) लावून, आणि एका वेळी एकच प्रत बदला. लिहिता लिहिता वीज गेली तर दुसरी शाबूत राहते. फर्मवेअरचंही तेच: दोन जागा, नवीन उठलं नाही तर आपोआप जुन्यावर परत. आणि नेटवर्कवरून आलेल्या पॅकेटांचा पूर कंट्रोलरला गुदमरवणार नाही याची काळजी घ्या. एखाद्या होतकरू तंत्रज्ञानं ऑफिसच्या स्विचमध्ये केबलचा फेरा करून ठेवला, तर ब्रॉडकास्टचं वादळ थेट तुमच्या राउटरवर येतं. पुढच्या पॅनेलची बटणं नेटवर्कशिवायही चालली पाहिजेत. एवढं केलंत की दुसऱ्या कंट्रोलरची गरज या आकाराच्या राउटरला उरत नाही. उलट दोन कंट्रोलर म्हटले की त्यांच्यात ‘मालक कोण’ हे ठरवणारा तिसरा भाग आला, आणि तो बिघडला तर दोघंही भांडत बसतात. ते भांडण शोधायला मला एकदा तीन आठवडे लागले होते.

माझी स्वतःची एक चूक सांगते, कारण ती तुम्ही करण्याची शक्यता मोठी आहे. स्विच चित्राच्या मधोमध झाला तर फ्रेम फुटते, म्हणून तो उभ्या ब्लँकिंगमध्ये (दोन चित्रांमधल्या, पडद्यावर न दिसणाऱ्या ओळींत), ठरलेल्या ओळीवर करतात. १०८०आय मध्ये ओळ ७ आणि ५६९, जुन्या ६२५ ओळींच्या पद्धतीत ६ आणि ३१९. ही वेळ राउटरला रेफरन्समधून, म्हणजे सगळ्या उपकरणांना एकच वेळ देणाऱ्या ब्लॅक बर्स्ट किंवा ट्राय-लेव्हल सिंकमधून कळते. माझ्या पहिल्या राउटरचा फर्मवेअर आज्ञा आली की रेफरन्सच्या पल्सची वाट पाहायचा. नुसती वाट पाहायचा. एके दिवशी सिंक जनरेटरची बीएनसी (व्हिडिओ केबलीचा कनेक्टर) ढिली झाली, पल्स यायची थांबली, आणि राउटर ‘लटकला’. चित्र सगळं चालू, वीज चालू, दिवे हिरवे, पण एकही बटण चालेना. बातम्या संपल्या तरी न्यूजरूमचा कॅमेरा एअरवर. उपाय एका ओळीचा होता: ४० मिलिसेकंदांत, म्हणजे २५ फ्रेमच्या हिशेबानं एका फ्रेममध्ये, पल्स आली नाही तर आहे त्या क्षणी स्विच कर आणि ‘रेफरन्स नाही’ असा अलार्म दे. एक फुटकी फ्रेम कुणाला आठवत नाही. चुकीचा कॅमेरा दोन मिनिटं दिसला तर मात्र फोन येतात. तेव्हापासून माझ्या टीममध्ये नियम आहे, कोडमध्ये जिथे जिथे काहीतरी येण्याची वाट पाहिली जाते, तिथे तिथे ते आलंच नाही तर काय, हे त्याच ओळीखाली लिहायचं.

याच्याच पोटातला प्रश्न: सगळे इनपुट एका वेळेत नसतील तर ठरलेल्या ओळीवर स्विच करूनही झटका दिसतो. मग लोक म्हणतात, प्रत्येक इनपुटला फ्रेम सिंक्रोनायझर (चित्र मेमरीत धरून रेफरन्सच्या वेळेला लावणारा भाग) घाला. घालू नका. चित्राच्या वाटेत मेमरी, एफपीजीए, त्याचा सप्लाय, त्याचं सॉफ्टवेअर असं सगळं आलं, वर एका फ्रेमपर्यंतचा उशीर. ज्या दोन-चार बाहेरच्या फीडना गरज आहे त्यांच्यासाठी तो राउटरच्या बाहेर असू द्या.

कार्डांची रचना करताना बॅकप्लेनवर, म्हणजे सगळी कार्डं ज्यात खोचतात त्या मागच्या बोर्डावर, एकही सक्रिय भाग ठेवू नका. चालू रॅकमध्ये कार्ड बदलता येतं, बॅकप्लेन बदलता येत नाही. प्रत्येक कार्डाला स्वतःचा इलेक्ट्रॉनिक फ्यूज हवा. टँटलम कपॅसिटर मरताना बऱ्याचदा शॉर्ट होऊन मरतो, आणि एका कार्डावरच्या दाण्याएवढ्या भागानं अख्खा राउटर खाली बसवल्याचं उदाहरण माझ्या कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेलं आहे. टँटलम वापरायचाच तर निम्म्या व्होल्टेजवर वापरा. कनेक्टरच्या पिना लांबीला वेगवेगळ्या घ्या: आधी ग्राउंड टेकू दे, मग वीज, मग सिग्नल. मुंबई, कोकण, गोव्यात जाणाऱ्या मालाच्या कार्डांना कोटिंग करा. खारी हवा कनेक्टर कसे खाते ते दोन पावसाळ्यांत दिसतं.

फॅन हा तुमच्या पेटीतला सगळ्यात आधी मरणारा भाग. जमलं तर फॅनशिवाय थंड राहील अशीच पेटी करा. १६ बाय १६ ला ते अशक्य नाही. लागलाच तर दोन घ्या, बॉल बेअरिंगचे, वेग सांगणारी तिसरी वायर असलेले, आणि एक बंद पडूनही पेटी ४५ अंशांच्या खोलीत चालते का ते बघा. जाळी स्क्रू न काढता पुढून निघाली पाहिजे, नाहीतर ती कधीच कुणी धुणार नाही.

बॅकअपवर आपोआप जाणाऱ्या चेंजओव्हरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण गिऱ्हाईक विचारेल. शेवटच्या आउटपुटवर मेन सर्व्हर गेला की बॅकअप यावा, अशी त्याची अपेक्षा असते. नुसता सिग्नल आहे की नाही एवढं पाहून भागत नाही, कारण अडकलेला सर्व्हर एक गोठलेली फ्रेम अगदी निर्दोष एसडीआयमध्ये पाठवत राहतो. गोठलेलं चित्र, काळं चित्र, गेलेला आवाज, तिन्ही ओळखावं लागतं. आणि मग श्रद्धांजलीची दोन मिनिटांची शांतता येते, किंवा ‘थोड्याच वेळात’ अशी पाटी अर्धा तास लावून ठेवतात, आणि तुमचं यंत्र घाबरून बॅकअपवर उडी मारतं. मर्यादा ऑपरेटरला बदलता आली पाहिजे आणि तात्पुरती बंदही करता आली पाहिजे. बॅकअपवर आपोआप जावं, परत मेनवर मात्र कधीही आपोआप येऊ नये. ते माणसानं बटण दाबून करावं, नाहीतर अर्धमेला सर्व्हर मेन-बॅकअप-मेन असा झोपाळा खेळतो. अशा चेंजओव्हरच्या आत वीज गेली की मेन इनपुट थेट आउटपुटला जोडणारा रिले हवाच. ३जीला तो साधा रिले चालत नाही. ७५ ओहमचा, उच्च वारंवारितेचा घ्या आणि रिटर्न लॉस (सिग्नल उलटा परत फिरणं किती कमी आहे त्याचं माप) मोजून बघा: १.४८५ गिगाहर्ट्झपर्यंत १५ डेसिबल आणि त्यापुढे २.९७ पर्यंत १० डेसिबल मिळाला पाहिजे.

एचडीएमआयचं मॉडेल म्हणजे वेगळीच जात. तिथे बिघाड न होताही पडदा काळा होतो. वक्त्याचा लॅपटॉप लावला की तो आधी पडद्याला विचारतो ‘तुला काय काय दाखवता येतं’, म्हणजे ईडीआयडी वाचतो. मग एचडीसीपीची, म्हणजे चित्राची कॉपी रोखणाऱ्या सुरक्षेची, ओळखपरेड होते. स्विच करताना हे सगळं नव्यानं झालं तर काही सेकंद अंधार, आणि सभागृहात कुजबुज. त्यावर इलाज असा: ईडीआयडी राउटरनं स्वतः, एकच ठरलेला, सगळ्या इनपुटना कायम दाखवावा. प्रत्येक इनपुटशी एचडीसीपीची ओळख आधीच करून ठेवावी, निवडला नसला तरी. आणि आउटपुटला स्केलर (चित्राचं रिझोल्यूशन बदलणारा भाग) घालून प्रोजेक्टरकडे जाणारा सिग्नल एकाच रिझोल्यूशनचा, कधीही न तुटणारा ठेवावा. इनपुट गेला तर काळी फ्रेम पाठवा, पण सिंक तोडू नका. इथे मी वर सांगितलेलं ‘वाट साधी ठेवा’ हे मोडलं जातं, हे मला माहीत आहे. एचडीएमआयला दुसरा मार्ग नाही. लांब केबलचा प्लग स्वतःच्या वजनानं सुटू नये म्हणून मागे एक आडवी पट्टी द्या, ३० रुपयांत काम होतं.

आयपीवर, म्हणजे नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवायच्या एसएमपीटीई २११० या मानकावर, गेलात तर तिथे २०२२-७ नावाची चांगली सोय आहे. तोच प्रवाह दोन वेगळ्या नेटवर्कांवरून पाठवतात आणि घेणारा दोन्हींतून पॅकेटं जुळवून घेतो, एक नेटवर्क गेलं तरी एकही पॅकेट हरवत नाही. मात्र दोन्ही नेटवर्क खरोखर वेगळी हवीत, स्विचही वेगळे आणि त्यांची वीजही. तुमच्या सध्याच्या गिऱ्हाइकांना याची घाई नाही.

चाचणीबद्दल एकच आग्रह. वीज झटकन तोडून-जोडून सगळेच बघतात. तुम्ही व्हॅरिअॅकनं (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरनं) ती हळूहळू उतरवून बघा: २३० वरून पाच मिनिटांत शून्यावर, मग तशीच परत वर. कंट्रोलर अर्धमेल्या व्होल्टेजवर भलतंच काही मेमरीत लिहितो ते याच चाचणीत सापडतं, आणि गावाकडे व्होल्टेज असंच उतरतं. टायमर रिलेवर ५०० वेळा चालू-बंद करा. मग राउटर ४५ अंशांच्या पेटीत ७२ तास ठेवून, चालू चित्रावर, एकेक कार्ड, एकेक सप्लाय, रेफरन्स आणि नेटवर्क उपटून बघा. हे तुमच्या डिझायनरला करू देऊ नका. तो नकळत हळुवारपणे उपटतो. स्टोअरमधल्या माणसाला बोलवा.

माहितीपत्रकात ‘कधीच’ लिहू नका. ९९.९९ टक्के म्हणजेसुद्धा वर्षाला जवळपास ५३ मिनिटं बंद. त्याऐवजी सरळ छापा: एक सप्लाय, एक फॅन, कंट्रोलर, रेफरन्स, नेटवर्क यांतलं काहीही गेलं तरी चालू चित्र जात नाही, आणि क्रॉसपॉइंट चिप गेली तर सगळी आउटपुटं जातात. हे शेवटचं वाक्य छापायला तुमचा सेल्सवाला नाही म्हणेल. त्याला सांगा की या आकारात चिप एकच असते, आणि म्हणूनच प्रत्येक राउटरसोबत आपण मेन सर्व्हर ते ट्रान्समिशन अशा थेट जोडणीचा एक पॅच पॅनेल देतो. त्या पॅनेलशेजारी दीड मीटरच्या चार बीएनसी केबली आणि दोन बॅरल (दोन केबली एकमेकींना जोडणारे कनेक्टर) एका खिळ्याला टांगून द्या, आणि केबलीवर लाल टेप गुंडाळा, म्हणजे दुसऱ्या कामाला कुणी नेणार नाही.